दौलताबादची वेल आणि तिला न मिळालेला हिवाळा

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज शेतकीचा तास कुठून आला, असं काहींना वाटेल. विषय आहे झाडाचा डोळा कधी फुटतो आणि का फुटतो. आम्ही मात्र हा विषय इतिहासाचाच मानतो, आणि त्याची सुरुवात करायला दौलताबादसारखी दुसरी जागा नाही.

इब्न बतूता हे नाव तुम्हाला माहीत आहे. तांजिएरहून १३२५ साली निघालेला हा माणूस मुहम्मद तुघलकाच्या दरबारात काझी झाला आणि पुढे सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. त्या वाटेवर, १३४२ च्या सुमारास, तो दौलताबादेत आला. त्यानं किल्ल्याचं वर्णन केलंय, अंधारकोठडीतल्या मांजरांहून मोठ्या उंदरांबद्दल लिहिलंय, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या बाजाराबद्दल लिहिलंय. शाळेच्या पुस्तकात उंदीर आले, बाजारही आला. पण त्याच वर्णनात एक लहानसं वाक्य आहे, त्याकडे कुणी फारसं बघत नाही. इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, असा त्याचा आशय आहे.

वर्षातून दोनदा. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण सांगणारा कोण आहे ते बघा. हा माणूस मोरोक्कोचा. अरबस्तान, इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया पाहून आलेला. द्राक्षाच्या मुलखातलाच तो. त्याच्या मुलखात वेल हिवाळ्यात पानं टाकते, झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळा संपताना एकदा पिकते. एकदाच. म्हणून त्याला दौलताबादची वेल नोंदवण्याजोगी वाटली. आमच्या मते दख्खनच्या हवामानाचा झाडावर होणारा परिणाम टिपणाऱ्या सगळ्यात मोलाच्या जुन्या नोंदींमध्ये ही एक आहे, आणि ती लिहिणाऱ्याला आपण हवामानाबद्दल काही लिहितोय हे ठाऊकही नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. द्राक्षशेतीवरच्या काही इंग्रजी लेखनात इब्न बतूता १४३० साली दौलताबादेत आला असं छापलेलं आढळतं, आणि एकानं लिहिलं म्हणून दुसऱ्यानं उतरवलेलंही दिसतं. त्याचं प्रवासवर्णन १३५५ मध्ये पुरं झालं आणि तो १३६९ च्या आसपास वारला. १४३० मध्ये तो दौलताबादेत आला असेल तर कबरीतून उठून आला असेल. शेतकीच्या मंडळींनी इतिहासाचं पुस्तक उघडलं नाही, आणि इतिहासवाल्यांनी वेलीकडे पाहिलं नाही. म्हणूनच आज या दोघांना एका ठिकाणी बसवायचं आहे.

तर वेल दोनदा का फळली? त्यासाठी आधी थंड देशात ती एकदाच का फळते ते पाहू.

थंड मुलखातल्या झाडाच्या डोळ्यात दोन हिशेब चालतात. पहिला थंडीचा. पानगळ झाल्यावर डोळा झोपतो, आणि ही झोप अशी असते की मधेच चार दिवस ऊन पडलं तरी तो उठत नाही. ठरावीक इतकी थंडी अंगावरून गेल्याशिवाय उठायचं नाही, असा त्याचा नेम. अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० साली हे प्रयोगानं दाखवलं. हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेली झुडपं वसंतात नीट फुटेनात, आणि बाहेर गारठ्यात राहिलेली जोमानं फुटली. लोकांची समजूत उलटी होती. थंडी म्हणजे झाडाचा शत्रू, असंच मानलं जाई. पुढे बागायतदारांनी याचे तास मोजायला सुरुवात केली. सात अंश सेल्सियसच्या खाली पारा किती तास राहिला, ते मोजायचं. सफरचंदाला असे हजाराच्या घरातले तास लागतात, द्राक्षाला त्यामानानं बरेच कमी.

दुसरा हिशेब उबेचा. थंडीचा कोटा भरला की डोळा ऊब मोजू लागतो. रोजची थोडी थोडी ऊब साठत जाते, आणि बेरीज पुरी झाली की डोळा फुगतो, कापसासारखा होतो, मग हिरवं टोक दिसतं. ही बेरजेची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये ती मांडली. १७३४ आणि १७३५ या दोन वर्षांचं तापमान त्यांनी रोजच्या रोज जमेला धरलं आणि पीक लवकर-उशिरा येण्याचा संबंध त्या बेरजेशी जोडला. थर्मामीटर तेव्हा नवीनच होता. द्राक्षवेलीसाठी ही बेरीज साधारण दहा अंशांच्या वरच्या उबेची धरतात.

दोन्ही हिशेब पुरे व्हायला वर्ष लागतं. म्हणून एकच बहार.

आता दौलताबादला या. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम वीस अंश. छत्रपती संभाजीनगरचा हिवाळा सुखाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांच्या आसपास, कधी थंडीची लाट आली तर आणखी खाली. पण दुपारी पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीस. सात अंशांखालचे तास मोजायला बसलात तर वही कोरीच राहील. म्हणजे पहिला हिशेब सुरूच होत नाही. वेल गाढ झोपत नाही. ती बाराही महिने हिरवी राहू बघते, शेंड्याकडे वाढत राहते, आणि शेंडा वाढत असेपर्यंत खालचे डोळे दाबून ठेवते. डोळे जिवंत असतात, पण फुटत नाहीत.

मग ते फोडायचे कसे? कोयत्यानं. शेंडा कापला की खालच्या डोळ्यावरचा दाब उठतो आणि हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत फूट निघते. एकदा कापा, एकदा फुटेल. दोनदा कापा, दोनदा फुटेल. इब्न बतूतानं पाहिलेला दुहेरी बहार हा माळ्याच्या हातानं घडवलेला बहार असणार. हे आमचं अनुमान आहे, पण वेलीचा स्वभाव पाहता दुसरा अर्थ लावणं अवघड आहे.

इथे तुघलकाच्या राजधानी-बदलाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं. १३२७ साली सुलतानानं दिल्लीचा दरबार देवगिरीला हलवला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट. त्या दरबाराबरोबर द्राक्षवेल दख्खनमध्ये आली, असं द्राक्षशेतीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. वेलीला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे पंधरा वर्षांत बागा नावारूपाला येणं शक्य कोटीतलं आहे. पण ‘सुलतानानं आणली’ हे वाक्य आम्हाला नेहमी जरा सोपं वाटतं. कलमं सुलतान लावत नाही, माळी लावतो. दिल्लीत वेल हिवाळ्यात पानं टाकते, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटते आणि पावसाआधी जूनमध्ये पिकते. तिथली रीत डोक्यात घेऊन आलेला माळी इथे पहिल्या हिवाळ्यात पानगळीची वाट बघत बसला असेल. पानं गळली नसतील. मग ती वेल केव्हा कापायची, हे त्याला कुणी सांगितलं? कुठल्याही तवारिखेत हे सापडायचं नाही. दरबारी इतिहासकाराला माळ्याची अडचण दिसत नाही.

त्यानंतरची काही शतकं हीच रीत मुरत गेली. एकोणिसाव्या शतकातल्या बागायतीच्या वर्णनांत नाशिककडच्या वेली पांगाऱ्याच्या जित्या खुंटांवर चढवलेल्या दिसतात. वर्षात दोन छाटण्या आणि दोन बहार. पांगारा निवडण्यात शहाणपण होतं. तो हिवाळ्यात पानं टाकतो, म्हणजे वेलीला ऊन हवं तेव्हा ऊन मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटलेल्या वेलीचं पीक ऐन पावसात पिके. ढगाळ हवा, ऊन नाही, साखर भरत नाही, घड कुजतात. तो आंबट बहार. पावसाळा सरल्यावर छाटलेली वेल थंडीत वाढे आणि शिमग्याच्या सुमारास पिके. तो गोड बहार. आजही नाशिकचा शेतकरी ऑक्टोबरच्या छाटणीला ‘गोडी छाटणी’ किंवा ‘गोडी बार’ म्हणतो. आंबट बहार कधीचा बंद झाला, पण शब्दात त्याची जोडी अजून शिल्लक आहे. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी ही त्या जुन्या जातींची नावं. हबशी म्हणजे काळ्या-जांभळ्या मण्यांची.

गोड बहारात एक अट होती. ऑक्टोबर ते मार्च पाऊस नाही, म्हणजे पाणी हातात हवं. म्हणून दख्खनच्या द्राक्षाचा इतिहास हा पाण्याचाही इतिहास आहे. मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पाणचक्की लोक आवर्जून बघतात, नहरीची फक्त नावं घेतात. पण बागांच्या दृष्टीनं पाहिलं तर नहरींचं जाळं जास्त महत्त्वाचं आहे. जी वेल पानं टाकत नाही तिला हिवाळ्यातही पाणी लागतं. काबूलच्या वेलीला बर्फाखाली पाण्याची गरज नाही. दख्खनच्या वेलीला सुट्टी नाही, आणि म्हणून तिच्या मालकालाही नाही.

आता विसाव्या शतकात येऊ, कारण इथे गोष्ट वळण घेते. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी जुन्या पंढरी साहेबीतून निवड करून ‘चीमा साहेबी’ काढली. हैदराबादकडून अनाब-ए-शाही आली. मग थॉमसन सीडलेस आली आणि तिनं सगळं बदललं. थॉमसन म्हणजे मूळची इराण-तुर्कस्तानकडची सुलताना, कॅलिफोर्नियात नाव बदलून आलेली. बिनबियांची, बाजाराला हवी तशी. पण तिचे काडीच्या बुडाकडचे डोळे वांझ. घड असलेला डोळा काडीच्या मधल्या भागात असतो. त्यामुळे दोन बहार सोडून देऊन नवी रीत बसली. छाटण्या दोन, पीक एक. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची ती फळासाठी नव्हे, काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तयार काडीवर.

यातली खोच अशी की ऑक्टोबरला फुटणाऱ्या डोळ्यात घड आहे की नाही, हे आधीच्या उन्हाळ्यात ठरलेलं असतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक घड तयार होतो. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत भरपूर ऊन आणि चांगली ऊब असेल तर घड. आभाळ भरलेलं असेल, पाऊस लवकर आला असेल, तर त्याच जागी ताणा, म्हणजे वेलीचा हात, तयार होतो. ऑस्ट्रेलियात बटरोझ यांनी १९७० च्या आसपास नियंत्रित खोल्यांत वेली वाढवून हेच दाखवलं. ऊब कमी केली की डोळ्यातला घड जातो आणि ताणा येतो.

म्हणजे मराठवाड्याचा वैशाख, ज्याला आपण सगळे शिव्या देतो, तो थॉमसनला हवा आहे. थंडीचा कोटा इथे कधीच भरत नाही, पण उन्हाचा भरतो. थंड देशातली वेल हिवाळा मागते, इथली वेल उन्हाळ्याकडे बघून पुढच्या फळाचा निर्णय घेते. ही अदलाबदल नीट लक्षात घेतली नाही तर युरोपच्या पुस्तकांतून इथल्या वेलीबद्दल काढलेले निष्कर्ष फसतात.

ऑक्टोबरला आणखी एक पेच येतो. डोळे झोपलेले नसतात पण नीट जागेही नसतात. काही फुटतात, काही राहतात, काही पंधरा दिवसांनी फुटतात. घड पुढेमागे आले की फवारणी कुणाच्या हिशेबानं करायची आणि तोडणी केव्हा? यावर उपाय आला हायड्रोजन सायनामाइडचा. बाजारातलं नाव डॉरमेक्स. जपानमध्ये आधी कॅल्शियम सायनामाइड वापरलं जाई. इस्रायल, कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग, दक्षिण आफ्रिका, जिथे जिथे हिवाळा अपुरा, तिथे तिथे हे औषध पोचलं. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना ते लावतात. त्याला पेस्टिंग म्हणतात. डोळ्याला लागलेला हा धक्का थंडीनं दिलेल्या धक्क्याची जागा घेतो आणि सगळे डोळे जवळपास एकदम फुटतात. म्हणजे जो हिवाळा या वेलीला कधी मिळाला नाही, तो तिला बाटलीतून दिला जातो.

हे औषध साधं नाही. कातडीला लागलं तर चट्टे उठतात, आणि लावल्यानंतर दारू घेतली तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. युरोपीय संघानं २००८ साली त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडची निर्यातीची द्राक्षं त्याच युरोपात जातात. डॉरमेक्सवर कुणी नाकं मुरडली की आम्ही एवढंच विचारतो, बोर्दोतल्या शेतकऱ्याला थंडी फुकट मिळते, ती निफाडच्या किंवा जालन्याच्या शेतकऱ्यानं कुठून आणायची? पण हातमोज्यांशिवाय पेस्टिंग करणारी बाई त्या हिशेबात कुठे असते, हाही प्रश्न तेवढाच खरा आहे.

द्राक्षाची गोष्ट इतकी सांगितली, पण डोळा फोडायची मराठवाड्याची दुसरी एक तऱ्हा आहे, आणि ती कोयत्याची नाही. ती तहानेची आहे. जालना-संभाजीनगरकडची मोसंबी घ्या. झाडाला ‘ताण’ द्यायचा. पावसाळा संपल्यावर पाणी तोडायचं, झाड मलूल होऊ द्यायचं, काही पानं पिवळी पडून गळू द्यायची, आणि मग जानेवारीच्या सुमारास पाणी सोडायचं. काही आठवड्यांत झाड फुलांनी भरतं. हा आंबे बहार, कारण तो आंब्याच्या मोहराबरोबर येतो. जून-जुलैला धरला तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरला धरला तर हस्त बहार. ‘बहार धरणे’ हा शब्दप्रयोग बघा. आपल्याकडे बहार नुसता येत नाही, तो धरावा लागतो. थंडीचं काम इथे कोरडेपणाकडून करून घेतलं आहे.

या तऱ्हेचा धोका उघड आहे. ताणावर असलेल्या बागेत डिसेंबरमध्ये एक अवकाळी सर आली की ताण मोडतो आणि बहार विस्कटतो. आणि ताण देऊन झाल्यावर सोडायला पाणीच नसेल तर? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात हेच झालं. मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी त्या तोडून सरपणाला दिल्या. वर्षाचं पीक बुडणं वेगळं, पंधरा-वीस वर्षांची झाडं जाणं वेगळं.

त्याच जालन्यातलं कडवंची गाव त्या काळात द्राक्षं पिकवत होतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकारानं तिथे पाणलोटाची कामं झाली, मग घरटी शेततळी झाली, आणि त्या शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मलिक अंबरानं शहरासाठी केलं ते या लोकांनी शिवारासाठी केलं, असं म्हणायला हरकत नाही. वेलीला सुट्टी नाही हे त्यांना पुरतं माहीत आहे. शेततळ्यात पाणी किती उरलंय ते बघून एप्रिलची छाटणी ठरते.

आता कुणी विचारेल, रानातल्या झाडांचं काय? त्यांना ना कोयता, ना ताण. आपल्या चैत्रपालवीचं कोडं खरोखर मोठं आहे. जमीन तापलेली, पावसाला दोन-अडीच महिने अवकाश, आणि नेमकी तेव्हाच कडुनिंब, पिंपळ, करंज कोवळी पानं काढतात. थंडी मोजून नव्हे, पाऊस पडून नव्हे. मग कशानं? थायलंडच्या मान्सून जंगलांवर काम केलेल्या इलियट, बेकर आणि बोर्शर्ट यांनी २००६ साली एक उत्तर मांडलं. त्यांच्या मते यातली बरीचशी झाडं दिवसाची लांबी मोजतात. वसंत संपाताच्या सुमारास, दिवस वाढत असताना डोळे फुटतात, आणि पाणी मुळांनी खोल जमिनीतून आणलेलं असतं. पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, म्हणून ही घाई.

गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा कोवळा पाला खातो. चांद्र पंचांगामुळे पाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येतो, कडुनिंब मात्र पंचांग बघत नाही. ज्या वर्षी पाडवा लवकर येतो त्या वर्षी कोवळा पाला शोधावा लागतो, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.

इतक्या सगळ्यानंतर इतिहासकाराचा प्रश्न विचारायला आम्ही मोकळे झालो. या नोंदींमधून जुनं हवामान वाचता येतं का?

युरोपात येतं. फ्रान्समधल्या बोन या गावी द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून मिळतात. इब्न बतूताचं पुस्तक पुरं होण्याच्या एक वर्ष आधीपासून, योगायोगच. थॉमस लाबे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्या तारखांची २०१८ पर्यंतची पूर्ण मालिका प्रसिद्ध केली. १९८८ नंतर तोडणी आधीच्या साडेसहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होते, असं तीत दिसतं. क्योतोतल्या चेरीच्या फुलोऱ्याच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या आहेत, आणि २०२१ साली तो २६ मार्चलाच आला, तोवरच्या ज्ञात नोंदींत सगळ्यात लवकर. त्याच वसंतात फ्रान्समध्ये मार्च अखेर उन्हाळ्यासारखा तापला, वेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिम पडून कोवळी फूट जळाली. शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत मशाली पेटवून ठेवल्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. हवामान तापल्यावर हिमाचा तोटा वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण डोळा लवकर उघडला की असं होतं.

आपल्याकडे अशी मालिका उभी राहिली तरी ती तशी वाचता येणार नाही. बोनमध्ये वेल कधी फुटायची ते हवा ठरवते. इथे छाटणीची तारीख माणूस ठरवतो. परतीचा पाऊस, मजुरांची टोळी, मुंबईचा भाव, युरोपची मागणी, शेततळ्यातलं पाणी, हे सगळं त्या तारखेत असतं. सटाण्याकडचा शेतकरी लवकर भाव मिळावा म्हणून पावसाळ्यातच छाटतो आणि डावणीचा धोका पत्करतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटेना तेव्हा लवकर छाटलेल्या बागांचे घड जिरले, कुजले, आणि उशिरा छाटणारे त्यामानानं वाचले. पुढच्या वर्षी किती जणांनी तारीख पुढे ढकलली असेल, त्याचा अंदाज करा. म्हणजे इथली छाटणीची तारीख माणसाच्या मनातलं हवामान सांगते. गेल्या वर्षी काय सोसलं आणि यंदा कशाची भीती आहे, ते सांगते. आमच्या दृष्टीनं ती मालिका बोनच्या मालिकेइतकीच मोलाची, फक्त वाचायची रीत वेगळी.

आणि तिच्यात एक थर्मामीटरही दडलेला आहे. छाटणीची तारीख माणसाची, पण छाटल्यापासून डोळा फुटेपर्यंतचे दिवस हवेचे. ऑक्टोबरच्या उबेत फूट लवकर निघते, तीच वेल डिसेंबरच्या गारठ्यात छाटली तर दुप्पट दिवस घेते. दोन्ही तारखा लिहिलेल्या असतील, औषध लावलं की नाही तेही लिहिलं असेल, तर त्या दिवसांच्या संख्येतून त्या वर्षीची ऊब काढता येते.

अशा नोंदी आहेत. त्या पुराभिलेखागारात नाहीत, बागायतदारांच्या घरात आहेत. द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या सुमारास उभा राहिला, त्या पिढीपासून अनेक बागायतदार डायरी लिहितात. बहुतेक वेळा औषध कंपनीनं किंवा सोसायटीनं दिलेली डायरी. तीत प्लॉटचं नाव, छाटणी, पेस्टिंग, पहिली फूट, विरळणी, डिपिंग, तोडणी, आणि मध्येच कुणाच्या तरी लग्नाची तारीख. पुढची पिढी मोबाइलवर नोंदी ठेवते आणि जुन्या डायऱ्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जातात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, आजोळी, गावाकडे अशा डायऱ्या असतील तर त्या देऊ नका. निदान छाटणीच्या आणि फुटीच्या पानांचे फोटो काढा, वर वर्ष आणि गाव लिहा, जात लिहा, विहिरीवरचा प्लॉट की शेततळ्यावरचा तेही लिहा. डॉरमेक्स लावल्याची नोंद सापडली तर ती वेगळी काढा, कारण तो प्लॉट बाकीच्यांच्या बरोबरीनं मोजता येणार नाही.